कारण हरवलेली सूचना

"रात्री बारानंतर काही खायचे-प्यायचे नाही." शस्त्रक्रियेसाठी दाखल होणाऱ्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकलेले असते. सूचना दिसायला अगदी सोपी आहे. तिला पैसा लागत नाही, औषध लागत नाही, आणि करायचे तर काहीच नसते. तरीही ही सूचना वारंवार मोडली जाते. कोणी पहाटे घोटभर चहा घेतो, कारण त्याशिवाय पोट साफ होत नाही. कोणी तंबाखूची चिमूट दाढेत धरतो. लहान मूल भुकेने रडू लागले की आजीला राहवत नाही आणि पदराआडून एक बिस्किट पुढे येते. मग भूलतज्ज्ञ विचारतात, "काही खाल्लेत का?" उत्तर खरे दिले तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, खोटे दिले तर जिवावर बेतू शकते.

असे का होते, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ठरलेले आहे: रुग्ण अडाणी असतात, बेफिकीर असतात, ऐकत नाहीत. आम्हांला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. या सूचनेलाच एक इतिहास आहे. तो पाहिला तर असे दिसते की नियमामागचे कारण विसरण्यात रुग्ण एकटे नव्हते. डॉक्टरही ते विसरले होते, आणि तेही बराच काळ.

भूल आणि पोट यांचा संबंध

आधी शरीरात काय घडते ते पाहू. घशात दोन वाटा शेजारीशेजारी आहेत. एक अन्ननलिका, ती जठराकडे जाते. दुसरी श्वासनलिका, ती फुप्फुसांकडे जाते. आपण घास गिळतो तेव्हा श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण येते. चुकून पाण्याचा थेंब आत गेलाच, तर जोराचा ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. जठराच्या वरच्या तोंडाशी स्नायूंचे एक कडे असते, ते जठरातील पदार्थ वर येऊ देत नाही. ही सारी पहारेदारी आपल्या नकळत चालू असते.

पूर्ण भूल दिली की हे पहारेकरी झोपतात. कडे सैल पडते, ठसका लागत नाही, गिळण्याची क्रिया थांबते. अशा वेळी जठरात अन्न असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकते. घन पदार्थाचा तुकडा असेल तर श्वासाची वाट बुजते. द्रव असेल तर त्यातील आम्लाने फुप्फुसाच्या नाजूक अस्तराला इजा होते. म्हणून पोट रिकामे हवे. एवढेच कारण आहे, आणि ते आठवीतल्या मुलालाही समजू शकते.

पण हे कारण एका दिवसात कळले नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन याने ईथरची भूल देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया होऊ शकते हे सर्वांसमक्ष दाखवले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्सन याने क्लोरोफॉर्म वापरात आणला. त्यानंतर तीन महिनेही उलटले नसतील, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या विनलेटन गावी हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांत दगावली. शस्त्रक्रिया होती पायाच्या बोटाचे नख काढण्याची.

ती कशाने गेली यावर वाद झाला. ती बेशुद्ध पडल्यावर शुद्धीवर आणण्यासाठी तिच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी घातली होती. सिम्सनचे म्हणणे असे की त्यानेच तिचा श्वास कोंडला. लंडनचा डॉक्टर जॉन स्नो याचे मत वेगळे होते: क्लोरोफॉर्म जास्त झाला आणि हृदय बंद पडले. नेमके काय घडले हे आज सांगणे कठीण आहे. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडातला द्रव कुठे जातो, हा प्रश्न या वादामुळे पुढे आला.

हा जॉन स्नो म्हणजे १८५४ साली लंडनमधील कॉलऱ्याचा माग एका हातपंपापर्यंत काढणारा तोच स्नो. भूल देणे हा त्याचा मुख्य व्यवसाय होता. व्हिक्टोरिया राणीलाही तिच्या बाळंतपणात त्याने १८५३ आणि १८५७ साली क्लोरोफॉर्म दिला होता. भरल्या पोटी क्लोरोफॉर्म दिला तर उलटी होते, तेव्हा तो जेवणाआधी द्यावा, असे त्याने नोंदवून ठेवले. म्हणजे त्या काळी या नियमामागचे मुख्य कारण उलटीचा त्रास टाळणे हे होते.

घन वेगळे, द्रव वेगळे

पोट रिकामे व्हायला वेळ किती लागतो? याचीही माहिती तेव्हा उपलब्ध होती. जून १८२२ मध्ये अमेरिकेतील मॅकिनॉ बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुण कामगाराला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जखम भरताना जठरापर्यंत जाणारे एक भोक कायमचे राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट याने त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून पचनाचा अभ्यास केला. गरीब सेंट मार्टिनच्या मनाविरुद्धही यातले बरेच घडले असावे, आणि त्याबद्दल आज वैद्यकीय नीतिशास्त्रात चर्चा होते. पण १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्यूमाँटच्या पुस्तकाने एक गोष्ट पक्की केली: प्रत्येक पदार्थ पचायला वेगवेगळा वेळ लागतो. घन अन्न जठरात काही तास राहते. पाणी मात्र लवकर पुढे निघून जाते.

ही समज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टरांच्या अंगवळणी पडलेली दिसते. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा जनक जोसेफ लिस्टर याने १८८३ साली क्लोरोफॉर्मबद्दल लिहिताना सांगितले, की जठरात घन पदार्थ नसावा हे इष्टच. पण सुमारे दोन तास आधी रुग्णाला कपभर चहा किंवा मांसाचा पातळ अर्क दिला तर तो हितावहच ठरतो. वाचकांनी हे 'दोन तास' लक्षात ठेवावेत. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

एक शोधनिबंध आणि त्याची सावली

१९४६ साली न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन याने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९३२ ते १९४५ या काळात त्याच्या रुग्णालयात ४४,०१६ बाळंतपणे झाली. त्यांपैकी ६६ स्त्रियांच्या बाबतीत भुलेखाली असताना जठरातील पदार्थ श्वासमार्गात गेले. दोघी दगावल्या. दोघींच्याही श्वासाची वाट घन अन्नाने बुजली होती. ज्यांच्या फुप्फुसांत फक्त द्रव गेला होता त्या आजारी पडल्या, पण वाचल्या.

मेंडेलसन एवढ्यावर थांबला नाही. त्याने सशांवर प्रयोग केले. फुप्फुसात आम्लयुक्त द्रव गेला की सशांना तसाच गंभीर आजार होई. तोच द्रव आम्ल काढून टाकून दिला तर त्रास थोडक्यात आटोपे. आम्ल हे खरे अपायाचे कारण आहे हे त्याने दाखवून दिले. म्हणून त्याने सुचवले की प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर खायला देऊ नये, शक्य तेथे पूर्ण भुलेऐवजी स्थानिक भूल वापरावी, आम्ल कमी करणारे औषध द्यावे, आणि भूल देणारी व्यक्ती त्या कामात तरबेज असावी.

हे काम मोलाचे होते. पण येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा अभ्यास प्रसूतीच्या वेळचा होता. गर्भारपणात पोटातला दाब वाढलेला असतो, आणि कळा सुरू झाल्यावर जठर फार सावकाश रिकामे होते. शिवाय तेव्हा भूल अनेकदा मुखवट्यातून दिली जाई. श्वासनलिकेत नळी घालून ती सुरक्षित करण्याची पद्धत सर्रास रुळलेली नव्हती. या विशिष्ट परिस्थितीतील सावधगिरी पुढच्या काही दशकांत सरसकट सगळ्यांना लागू झाली. घन आणि द्रव हा भेदही गळून पडला. उरले ते एक वाक्य: मध्यरात्रीनंतर तोंडाने काही नाही.

मध्यरात्रच का? जठराला घड्याळ कळत नाही. मध्यरात्र ही रुग्णालयाच्या सोयीची वेळ आहे. सगळ्या रुग्णांना एकच सूचना देता येते, आणि सकाळी शस्त्रक्रियांचा क्रम बदलला तरी अडत नाही. पण याचा परिणाम काय होतो ते साध्या वजाबाकीने कळते. ज्याची शस्त्रक्रिया सकाळी आठला आहे तो आठ तास उपाशी राहतो. ज्याची दुपारी तीनला आहे तो पंधरा तास. दोघांची जठरे सारखीच, नियमही एकच. उपास मात्र एकाला दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट.

नियमाची परीक्षा

१९८० नंतर काही भूलतज्ज्ञांनी या नियमाची परीक्षा घ्यायचे ठरवले. १९८६ साली कॅनडातील कॅलगरी येथे माल्टबी आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तास आधी १५० मिलिलिटर पाणी दिले आणि भूल दिल्यावर जठरात किती द्रव उरला आहे ते मोजले. पाणी प्यालेल्यांच्या जठरात उपाशी असलेल्यांपेक्षा जास्त द्रव नव्हता. सरासरीने तो थोडा कमीच निघाला. हे चमत्कारिक वाटते, पण त्याचा उलगडा सोपा आहे. जठर कधीच कोरडे नसते. ते दिवसाकाठी सुमारे दोन लिटर जठररस तयार करते, शिवाय आपण सतत लाळ गिळत असतो. पाणी पोटात गेले की ते हा रसही आपल्याबरोबर पुढे ढकलून नेते.

मग उपाशी राहण्याची गरजच नाही, असे समजायचे का? मुळीच नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये दिलेल्या २,१५,४८८ भुलींचा आढावा १९९३ साली प्रसिद्ध झाला. जठरातील पदार्थ श्वासमार्गात जाण्याचे प्रकार ६७ घडले होते आणि त्यांत तिघांचा मृत्यू झाला होता. पूर्वनियोजित शस्त्रक्रियांत हे प्रमाण ३,८८६ मध्ये एक होते; तातडीच्या शस्त्रक्रियांत, जेथे तयारीला वेळ नसतो, ते ८९५ मध्ये एक होते. धोका विरळा आहे, पण तो विरळा आहे याचे एक कारण पूर्वतयारी हेच आहे.

या साऱ्या पुराव्यानंतर १९९९ साली अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने निरोगी रुग्णांच्या पूर्वनियोजित शस्त्रक्रियांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाणी, दुधाविना चहा अशा पारदर्शक पेयांसाठी दोन तास. आईच्या दुधासाठी चार तास. इतर दूध आणि हलका आहार यांसाठी सहा तास. तळलेल्या, तेलकट किंवा मांसाहारी जेवणासाठी आठ तास किंवा अधिक. लिस्टरचे दोन तास ११६ वर्षांनी परत आले! २०१८ साली ब्रिटन, आयर्लंड आणि युरोपातील बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी तर लहान मुलांना पारदर्शक पेये एक तास आधीपर्यंत द्यावीत असे म्हटले.

आता गोष्टीचा खेदजनक भाग. २००२ साली क्रेनशॉ आणि विन्स्लो या परिचर्या क्षेत्रातील संशोधकांनी अमेरिकेतील एका रुग्णालयात पाहणी केली. नव्या सूचना येऊन तीन वर्षे झाली होती. तरी रुग्ण सरासरी बारा तास पाण्याविना आणि चौदा तास अन्नाविना राहत होते. सूचना देणारेच जुने वाक्य म्हणत होते. नियम पाठ होता. त्याचे कारण माहीत असते तर तो बदलणे एवढे जड गेले नसते.

रुग्णाला काय ऐकू येते?

आता पुन्हा रुग्णाकडे वळू. कारण न सांगता सूचना दिली तर माणूस कारण स्वतःच शोधतो. पोट रिकामे कशाला? उलटी होऊन कपडे, चादर खराब होऊ नये म्हणून असेल. किंवा शौचाला होऊ नये म्हणून. किंवा पोटाची शस्त्रक्रिया असेल तरच. माझी तर डोळ्याची आहे, पायाची आहे. यातील प्रत्येक तर्क आपल्या जागी समंजस आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष घातक आहे: एका बिस्किटाने काय होणार?

मराठीत आणखी एक अडचण आहे. डॉक्टर म्हणतात "उपाशी या", आणि आपल्या कानांना 'उपास' ऐकू येतो. आपल्या उपासात काय चालते हे वेगळे सांगायला नको. चहा चालतो, दूध चालते, केळे चालते, साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडूही चालतात. काहीच चालत नसेल तर आपण त्याला 'निर्जळी' असा वेगळा शब्द वापरतो. तेव्हा सकाळी कपभर दूध घेऊन आलेला आणि "मी उपाशीच आहे" असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याने सूचना पाळलेली असते; फक्त ती त्याच्या भाषेतली असते.

दूध पातळ असते, मग ते पाण्यासारखे का नाही? कारण जठरातील आम्लात ते साकळते आणि त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून भूलतज्ज्ञांच्या हिशेबात दूध आणि आपला दुधाचा चहा जवळजवळ जेवणाच्या पंक्तीत बसतात. हे एक वाक्य सांगायला अर्धे मिनिट पुरते.

विसरण्याचाही वाटा आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फिलिप ले यांनी १९६५ पासून या विषयाचा अभ्यास केला. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी बराच भाग रुग्ण थोड्याच वेळात विसरतात, आधी सांगितलेले जास्त लक्षात राहते, आणि आजाराचे नाव लक्षात राहते तितक्या सूचना राहत नाहीत, असे त्यांना आढळले. दवाखान्यात आधी आजार सांगितला जातो, मग शस्त्रक्रिया, मग खर्च, आणि निघता निघता सूचना. तोवर ऐकणाऱ्याचे मन "आपल्याला कापणार" या विचारातच अडकलेले असते. सांगायच्या गोष्टींचे गट पाडून, प्रत्येक गटाचे नाव आधी सांगून मग तपशील दिला तर रुग्णांना अधिक आठवते, हेही ले यांनी १९७३ साली दाखवले. फळ्यावर मुद्दे लिहून शिकवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

कारण सांगितल्याने किती फरक पडतो याचे एक उदाहरण त्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले आहे. १९६४ साली भूलतज्ज्ञ एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ९७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे वागवले. दुसऱ्या गटाला आदल्या दिवशी समजावून सांगितले: शस्त्रक्रियेनंतर कुठे दुखेल, का दुखेल, किती दिवस दुखेल, स्नायू सैल कसे सोडायचे, कुशीवर कसे वळायचे. दुसऱ्या गटाला वेदनाशामक औषध जवळजवळ निम्मे लागले आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. कोणाला घरी सोडायचे हे ठरवणाऱ्या शल्यविशारदांना कोण कोणत्या गटात आहे हे माहीत नव्हते. पहिली यशस्वी भूल जेथे लोकांसमोर दाखवली गेली, तेथेच ११८ वर्षांनी समजावून सांगणे हेही एक प्रकारचे वेदनाशामक आहे असे दिसून आले.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या बाकी सूचनांचेही असेच आहे. नखांचा रंग काढायला सांगतात, कारण रक्तातील प्राणवायू मोजणारे उपकरण बोटाच्या टोकातून प्रकाश पाठवते. कवळी काढायला सांगतात, कारण ती सुटून घशात जाऊ शकते. रोजच्या गोळ्यांची नावे विचारतात, कारण काही गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो, आणि मधुमेहावरील काही नव्या औषधांमुळे जठर सावकाश रिकामे होते. मधुमेह, गर्भारपण, अपघात, तीव्र वेदना यांतही तसेच होते. म्हणून वर दिलेले तास वाचून कोणी आपला निर्णय आपण घेऊ नये. आपल्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळच पाळावी. मात्र "का?" असे जरूर विचारावे. आणि चुकून काही खाल्लेच असेल तर ते न घाबरता सांगावे. शस्त्रक्रिया चार तास लांबली तर फार बिघडत नाही.

वर्गात करून पाहा

दोन पेल्यांत सारखेच लिंबू पिळा. एकात दुधाविना गाळलेला चहा घाला, दुसऱ्यात कोमट दूध. दहा मिनिटांनी दोन्ही पातळ फडक्यातून गाळा. फडक्यावर काय राहिले ते मुलांना पाहू द्या, आणि मग दोन तास व सहा तास यांतील फरक त्यांनाच सांगू द्या.

दुसरा प्रयोग वहीवरचा. "उद्या सकाळी उपाशी पोटी यायचे आहे" हे वाक्य फळ्यावर लिहा आणि काय काय चालेल याची यादी प्रत्येकाने न बोलता करावी. याद्या एकमेकांशी जुळणार नाहीत. मग मुलांनाच ही सूचना अशी लिहायला सांगा, की वाचणाऱ्याला दुसरा अर्थ काढताच येऊ नये, आणि तिच्यात 'कारण' हा शब्द एकदा तरी यावा.

अनेक गावांत आजही दवाखान्याची चिठ्ठी घेऊन पालक शिक्षकाकडे येतात: "गुरुजी, बाई, यात काय लिहिलेय ते जरा सांगा." त्या वेळी चिठ्ठी वाचून दाखवणे पुरेसे नाही. घशातल्या दोन वाटा कागदावर काढून दाखवाव्यात. रात्री नातवाच्या उशाशी बसलेल्या आजीला ते चित्र आठवले, तर बिस्किटाचा पुडा डब्यातच राहील.